मुकादमाचं घमेलं

संक्रांत झाली की मुकादमाला मार्केटात परत सोडून येतो, असं तुम्ही बोलून ठेवलं होतं. संक्रांत झाली. तुम्ही नाही. ते बोलणं तेवढं घरात राहिलं, आणि ते आता माझ्याकडं आलं.

आपलं भांडण अर्धं राहिलंय. भांडण तरी कसलं, तुम्ही बोलत होता आणि मी मेथी निवडत होते. माझं उत्तर तयार होतं. मेथी संपली की सांगू म्हटलं. मग तुम्ही उठून अंघोळीला गेलात. ते उत्तर आज लिहून ठेवते. चौथीनंतर एवढं कधी लिहिलं नाही, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या.

रडू येत नाही. बायका म्हणाल्या, "वहिनी, मोकळ्या व्हा, रडा." एवढ्या माणसांत रडायचं म्हटलं तर मला लाजच वाटली. तुम्हाला ठाऊक आहे. पण आता घरात कुणी नाही तरी येत नाही. बाळंतपणात पाठीत सुई दिली की पाय आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालंय. हात कामं करतात. काल आमटीत मीठ दोनदा पडलं, आणि ती मी खाल्ली, आणि भांडी घासताना मला कळलं की ती खारट होती.

तुम्ही मुकादमाला आणलं तो दिवस मला सारखा दिसतो. दिवाळी होऊन गेली होती. रिटायर झाल्यावरसुद्धा तुम्ही पंधरवड्यातून एकदा बस पकडून मार्केटात जात होता. माणसांना भेटायला जातो म्हणायचात. कामोठ्यातल्या बायकांचे नवरे रिटायर झाल्यावर बागेत जातात, तुम्ही कांद्याच्या गाळ्यावर जायचात. त्या दिवशी खाली रिक्षावाल्याचा आरडाओरडा ऐकू आला. मी गॅलरीतून बघितलं तर तुमच्या हातात कांद्याचं क्रेट, वरून सुतळीनं बांधलेलं, आणि आतून कुणीतरी शिव्या देतंय.

"सीट ओली केली! कोन धुनार? तुमी?"

"अरे बाबा, म्हातारं माणूस हाय ते, घाबरलंय."

"मानूस? बोका हाय ना तो!"

"बोका न्हाय. मुकादम हाय आमचा."

रिक्षावाल्याला वाटलं तुम्ही त्याची थट्टा करताय. तुम्ही थट्टा करतच नव्हता. तुमची हमालांची पूर्ण टोळी त्याला मुकादम म्हणायची. दिवसभर गोण्यांच्या थप्पीवर बसायचा, सगळ्यांच्या कामाकडं बघायचा आणि स्वतः एक दाणा उचलायचा नाही, म्हणून मुकादम. जन्म मार्केटात गेलेला. आता एका डोळ्यात फूल पडलेलं, दात पडलेले, आणि तरण्या बोक्यांनी एक कान फाडलेला. मागच्या पायावरून टेम्पोचं चाक गेलं तेव्हा तुम्हाला राहवलं नाही. "तिथं राहिला तर हिवाळा काढायचा न्हाय," म्हणालात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घरात क्रेट उघडलंत.

तो दिवाणाखाली गेला तो गेलाच.

तुम्ही पालथे पडून हाका मारत होता. "ये रे मुकादम. ये की. आपलंच घर हाय." झाडूच्या दांड्यानं हलकेच ढोसायचात, वाटी सरकवायचात, टॉर्च मारायचात. तो आतून फिस्कारायचा. तुम्ही म्हणालात, "आठ वर्षं माझ्या पाठीमागं फिरला, आणि आता वळखत न्हाय."

मी म्हणाले, "बघू नका त्याच्याकडं."

"म्हंजे?"

"कुणी टक लावून बघितलं की जीव जातो. बघू नका. बाकी करेल तो."

तुम्ही हसलात. पण ऐकलंत. आपण दोघं दिवाणाकडं पाठ करून बसायला लागलो. मी निवडण टिपायची, तुम्ही पेपर वाचायचात. मी खोलीचं आतलं दार ओढून घेतलं, त्याला एकच खोली ठेवली. जास्त जागा म्हणजे जास्त भीती, हे मला ठाऊक होतं. वाटी रोज त्याच फरशीवर ठेवायची, हाक मारायची नाही. मी आधी भातात सुकट कालवून घातलं, त्यानं तोंड लावलं नाही. तुम्ही कपाळावर हात मारलात. "अगं, त्यो टपरीवरचा दूध-पाव खाणारा!" मग दूध-पाव ठेवला. सकाळी वाटी चाटून पुसून ठेवलेली. तुम्ही ती वाटी मला आणून दाखवलीत, पोरगं पास झाल्यासारखी.

घमेल्याची गोष्ट तर मला कुणाला सांगता येणार नाही, हसतील. त्याच्या शी-मुतासाठी मोरीच्या कडेला घमेलं ठेवलं. बिल्डिंगच्या कामावरची वाळू आणली, मुकादम तिच्यावर बसला नाही. आपल्या पोरानं, सचिननं, द्रोणागिरीच्या त्याच्या घराजवळच्या दुकानातली मांजरासाठीची महागाची पांढरी खडी आणून दिली, तिच्यावर तो झोपला. आणि बाकीचं सगळं मोरीत, दिवाणाखाली, एकदा तुमच्या चपलेत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "वास कसला येतो हो?" मी नुसती मान हलवली आणि जिना चढून वर आले.

मग एका सकाळी तुम्ही मार्केटात गेलात आणि पाठीवर गोणी टाकून आलात. मी म्हटलं आता हे वय राहिलंय का गोणी उचलायचं. गोणीत माती होती. बटाट्याच्या गोण्या आपटल्या की खाली जी झडते ना, गाळ्यात झाडूनं लोटून कोपऱ्यात ढीग लावतात, ती. बारीक, कोरडी, थोडी आंबूस वासाची. तुमच्या अंगाला जन्मभर जो वास येत होता तो. घमेल्यात ओतली. मुकादम दिवाणाखालून बाहेर आला, आपल्या दोघांच्या समोर, वास घेतला, आणि घमेल्यात चढून उकरायला लागला. खर्र, खर्र, खर्र. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी बघितलं नाही असं केलं.

त्यानंतर बरंच सोपं झालं. मातीची गोणी रिकामी झाली ती तुम्ही दाराशी घडी करून टाकलीत, तो तिच्यावर झोपू लागला. गॅलरीला जाळी लावून घेतलीत. खाली भाजीची गाडी आली की तो जाळीतून बघायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "माल उतरतोय बघ, मुकादम. नीट मोजा."

एक मात्र सुटलं नाही. पहाटे मार्केट सुरू व्हायच्या वेळेला तो दाराशी जाऊन ओरडायचा. सगळ्या जिन्यात ऐकू जाईल असं. तुम्हीही त्याच वेळेला उठायचात. चाळीस वर्षांची सवय, घड्याळ लागत नव्हतं. त्याच्याजवळ गोणपाटावर जाऊन बसायचात, भिंतीला पाठ टेकून. तुमचा आवाज मला आत ऐकू यायचा. "आज सुट्टी हाय रे. आज बी सुट्टी हाय." तो गप्प व्हायचा. पण दुसऱ्या दिवशी परत तेच.

आणि मग तुमचं मनच फिरलं. मला वाटतं त्याचं रडणं ऐकून नाही, स्वतःचं ऐकून फिरलं. मी मेथी निवडत होते. तुम्ही म्हणालात, "मी चूक केली. कोंडून ठिवलेलं जनावर कधी रुळत न्हाय. हिंडतं फिरतं मरू दे त्याला. संक्रांत झाली की सोडून येतो. टोळीतल्या शंकरला बोललोय, टेम्पो आणील."

मी म्हणाले, "राहील तो. जरा थांबा."

"तुला काय म्हाईत?"

उत्तर तयार होतं ते हे.

लग्न होऊन तुमच्याबरोबर सातारा सोडलं आणि शिरवण्याला चाळीत आले, तेव्हाची मी तुम्हाला आठवते का? दार उघडलं की समोर गल्ली, गल्लीत माणसं, प्रत्येक माणूस नवी नवरी बघायला मान वळवणार. मी दाराआड उभी राहायची. नळावर जायची नाही. बाहेरच्या मोरीला जायला अंधार पडायची वाट बघायची. घरमालकीण म्हातारी ओरडायची, "कवा भायेर निगंल तुजी रानी? हात-पाय हान का नाय तिला?" तुम्ही मार्केटातून दोन गोणपाटं आणलीत, एकाला एक शिवलीत, दाभणानं, गोणी शिवतात तशी, आणि दाराला पडदा लावलात. बाहेरचं मला दिसेल, बाहेरच्यांना मी दिसणार नाही. आणि कामावर जायच्या आधी तुम्ही स्वतः नळावर रांगेत उभे राहून पाणी भरायचात. टोळीतली माणसं टोमणे मारायची, "काय नाना, मार्केटात बी हमाली, घरी बी हमाली?" तुम्ही म्हणायचात, "घरची बिनमजुरीची हाय, म्हणून हलकी लागती."

मला कधी म्हणाला नाहीत, बाहेर चल. एकदाही नाही. त्या पडद्याला कांद्याचा वास यायचा, मी त्याला नाक लावून बसायची. मग एक दिवस मीच हंडा घेऊन नळावर गेले. का गेले ते मला आजसुद्धा सांगता यायचं नाही. तुम्ही घरी आलात, भरलेला हंडा बघितलात, आणि काहीच बोलला नाहीत. बोलला असतात तर मी परत आत गेले असते. पुढं तो पडदा मीच उतरवला आणि त्याचं पायपुसणं केलं.

मला काय माहीत विचारलंत ना, ते हे. तुम्ही एकदा एक जनावर रुळवलं होतं. तुम्ही विसरलात. मी विसरले नाही, आणि सांगितलंही नाही. एवढ्या वर्षांत सांगितलं नाही. मेथी निवडून झाल्यावर सांगणार होते.

दोन दिवसांनी पहाटे मुकादम ओरडला आणि मग गप्प झाला. मला वाटलं, चला, बसले जाऊन. उजाडल्यावर चहा ठेवला. तुम्ही भिंतीला टेकून बसला होता आणि तो तुमच्या मांडीवर होता. तो कधी मांडीवर बसत नव्हता. मी चहा घेऊन जवळ आले तरी तो उठला नाही. तेव्हा मला कळलं. मी चहा परत आत नेऊन ठेवला, त्यावर झाकणी ठेवली. झाकणी कशाला ठेवली कोण जाणे.

तुम्ही गेलात त्या जागेवर दिवा लावला, दाराशी, गोणपाट उचलून. गावाकडून सगळे आले. तुमची धाकटी बहीण, आमच्या आक्का, आल्या. त्यांनी मुकादमाला बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय गं? सुतकाच्या घरात बोका? आदी भाईर काडा त्याला." सचिन म्हणाला, "काढतो आत्या. आईला मी नेणारच आहे द्रोणागिरीला, तिकडं तुमच्या सुनेला मांजराच्या केसांनी शिंका येतात. याला शंकरकाकांकडं देऊन टाकतो." मी भिंतीशी बसले होते. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मुकादमाला गॅलरीत घालून दार लावलं.

सावडून आल्यावर आक्कांनी दिव्यापाशी पीठ चाळून पसरलं, वर पाटी पालथी घातली. सकाळी त्यात जे उमटेल त्या जन्माला माणूस गेला, असं तुमच्या घरात मानतात. तुमच्या वडिलांच्या वेळी गाईचा खूर उमटला होता, हे मी लग्न झाल्यापासून ऐकते. पहाटे गॅलरीतून ओरडणं सुरू झालं. माणसं दमून झोपली होती. मी उठून दार उघडलं, तुम्ही उघडला असतात तसं. मुकादम सरळ त्या जागेवर गेला. गोणपाट नव्हतं, तुम्ही नव्हता. त्यानं पाटीला डोकं लावून ती सरकवली, पिठात शिरला, आणि दिव्याशेजारी बसून राहिला. मी त्याला उठवलं नाही. वातीला तेल घातलं आणि आत गेले.

सकाळी सगळे भोवती जमले. पिठात पावलंच पावलं, आणि मधे बूड टेकल्याचा मोठा गोल. सचिन म्हणाला, "अरे, हा बोका शिरला होता! कुणी सोडला?"

आक्का वाकल्या. बराच वेळ बघितलं. मग पदर डोळ्याला लावला. "कुणी सोडला न्हाई. दादा आलावता. मांजराच्या पावलानं आलाय माजा दादा."

"आत्या, अहो, त्याच्या मिशांना पीठ लागलंय अजून."

"गप. बापाला मिशा व्हत्या का न्हवत्या?"

गावाकडच्या माणसांनी हात जोडले. त्या दिवसापासून मुकादमाला पहिला घास आक्कांच्या हातचा. "दादा, ये. दादा, दूध घे." आधी भाईर काडा म्हणणाऱ्या त्याच आक्का. सचिन दोनदा "शंकरकाका" म्हणाला, आणि दोन्ही वेळा आक्कांनी असं बघितलं की वाक्य तिथंच राहिलं. बापाला मार्केटात कोण सोडणार?

नंतर आक्का स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला काय दिसत न्हाई व्हय गं? तूच उघडलंस दार."

मी खाली बघितलं.

"जन्मात तुज्या तोंडातनं सबूद निघाला न्हाई. आता निदान यवडं तरी तुज्यासंगं ऱ्हाऊ दे म्हटलं. दादा काय, कुटं बी आसंल." आणि वाटाण्याच्या शेंगा पुढं ओढून सोलायला बसल्या. तुमची बहीण आहे खरी. मी जन्मभर त्यांना भ्याले. ते उगाच भ्याले.

संक्रांत अशीच गेली, आपल्या घरात तिळगूळ नव्हता. काल सचिन आक्कांना एसटीत बसवायला गेला आणि मी एकटी असताना शंकरभाऊ आले. एका खांद्यावर गोणी, दुसऱ्या हातात क्रेट. दोन्ही दारातच खाली ठेवलं आणि दम घेत उभे राहिले.

"वयनी, नाना बोल्ला होता संक्रांतीनंतर मुकादमाला न्यायचं. त्याचा शबुद हाय म्हणून क्रेट आनलं. आनि त्योच जायच्या आदल्या दिवशी बोल्ला होता, माती संपत आली, म्हणून माती बी आनली. मला काय समजंना काय आनायचं. तुमी सांगा."

तुमची ही दोन बोलणी, दाराच्या बाहेर शेजारी शेजारी. मला पुढं होऊन सांगता आलं असतं. पण तुमचा शब्द मोडायचा तर तुम्ही समोर हवे होता. मी गोणी ओढून घमेल्यात माती ओतली. क्रेट तिथंच उघडं ठेवायला सांगितलं, आणि दारही. "तुम्ही बसा," म्हटलं. "त्याच्याकडं बघू नका."

मी दाराकडं पाठ करून बसले. तांदूळ घेतले निवडायला. शंकरभाऊ स्टुलावर बसले, त्यांनी पेपर उलटा धरला होता.

मुकादम गोणपाटावरून उठला. लंगडतो तो, त्याची चाल ओळखू येते. दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर थांबला. मग नखं वाजली, बाहेरच्या लादीवर. क्रेट हललं. आत शिरला असावा. त्याला मार्केटाचा वास येत असणार, टपरीचा, त्याच्या थप्पीचा. शंकरभाऊ हळूच म्हणाले, "वयनी, बसला बगा क्रेटात." मी तांदूळ निवडत राहिले. एकही खडा निघाला नाही. खाली कुणीतरी जिना चढत होतं, मग त्यांचं दार लागलं. मला वाटलं, गेला तर जाऊ दे, निदान दार मी नाही ओढलं.

मग लादीवर परत नखं वाजली. माझ्या पाठीमागून काहीतरी घासून गेलं, साडीला. आणि मोरीच्या कडेनं आवाज आला. खर्र. खर्र. खर्र.

शंकरभाऊंनी नाक ओढलं. मी वळले नाही. उकरून झालं, झाकून झालं, मग त्यानं पाटीत तोंड घालून माझे तांदूळ हुंगले आणि गॅलरीत गेला.

चहा घेऊन शंकरभाऊ रिकामं क्रेट उचलून निघाले. म्हणाले, "माती संपली की सांगा." मी मान हलवली. मग त्यांना हाक मारली, जिन्यात, मोठ्यानं. माझी मलाच ऐकू आली. म्हटलं, "पंधरवड्यानं आणा."

सचिन आला की त्यालाही सांगायचं होतं. रात्री तो द्रोणागिरीला परत निघताना सांगितलं. मी येत नाही, मुकादम अजून पुरता रुळायचाय. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. बघू दे.

आज पहाटे मुकादम दाराशी जाऊन ओरडला. मी उठले, गोणपाटावर जाऊन बसले, भिंतीला पाठ टेकून, तुमच्याच जागेवर. काय म्हणायचं ते मला माहीत होतं. "आज सुट्टी आहे रे," म्हटलं. तो गप्प बसला. मग मी हात वर करून दाराची कडी बघितली. ती काल रात्री मीच लावली होती, आणि उघडायची तीही मीच.